मुंबईचा ‘खडूसपणा’: सामना जिंकून देणारा गुण की जिंकल्यावर दिलेले नाव?

पेन्सिलधारी (प्रश्नकर्ता)

नमस्कार. मुंबईतल्या एका क्लबासाठी मी गेली २२ वर्षे स्कोअरची वही लिहितो आहे. कांगा लीग या पावसाळ्यातल्या क्लब स्पर्धेच्या दिवसांत ही वही पेन्सिलीनेच लिहावी लागते, कारण तंबूच्या कापडातून पाणी ठिबकू लागले की शाई पसरते आणि निर्धाव षटक कोणते नि चार धावांचे कोणते, हे संध्याकाळी कोणालाच सांगता येत नाही. त्या तंबूत बसून सर्वांत जास्त वेळा कानांवर पडलेला शब्द म्हणजे ‘खडूस’, अर्थात सहजासहजी हार न मानणारा, चिवट. सामना अडचणीतून सुटला की ‘आपली पोरं खडूस आहेत’ असे म्हटले जाते आणि हातचा गेला की ‘हल्ली तो खडूसपणा कोणात उरलाच नाही’ असे. ही दोन्ही वाक्ये बहुधा एकाच माणसाच्या तोंडची असतात, आणि कधी कधी एकाच आठवड्यातली.

माझी शंका २०२३-२४ च्या रणजी हंगामापासूनची आहे. उपांत्यपूर्व सामन्यात बडोद्याविरुद्ध तनुष कोटियन आणि तुषार देशपांडे या दहाव्या व अकराव्या क्रमांकांच्या फलंदाजांनी शतके ठोकली आणि शेवटच्या गड्यासाठी २३२ धावा जोडल्या. शेवटच्या दोन्ही फलंदाजांनी एकाच डावात शतके करण्याचा प्रकार प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये त्याआधी एकदाच घडला होता, तो १९४६ साली ओव्हलवर, सरेविरुद्ध, चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांच्या हातून. पुढे उपांत्य सामन्यात तमिळनाडूविरुद्ध ७ बाद १०६ अशी अवस्था असताना शार्दुल ठाकूरने १०९ आणि कोटियनने नाबाद ८९ धावा केल्या, मुंबई ३७८ पर्यंत पोहोचली आणि सामना एक डाव आणि ७० धावांनी जिंकला. अंतिम सामन्यात वानखेडेवर विदर्भाला १६९ धावांनी हरवून ४२ वे विजेतेपद मिळाले. त्याचे श्रेय आमच्या तंबूने एकमुखाने खडूसपणाला दिले, आणि त्यात माझाही आवाज होता.

त्यानंतर वर्ष पुरे होण्याच्या आत, फेब्रुवारी २०२५ मध्ये, नागपुरात उपांत्य सामन्यात त्याच विदर्भाने मुंबईला ८० धावांनी हरवले. संघात रहाणे होता, शार्दुल होता, कोटियनही होता. मग तो गुण गेला कुठे? दडपणाच्या सामन्यात खेळाडू तरतो तो खरोखरच अशा न मोजता येणाऱ्या गुणामुळे, की कौशल्य, राखीव खेळाडूंची फळी आणि नशीब यांच्या बेरजेला आपण मागाहून एक सोयीचे नाव देतो? अभिमान जरा बाजूला ठेवून कोणी उत्तर देईल का?

दशमान

अभिमान बाजूला ठेवायचा असेल, तर आधी आकडे मांडू. २०२३-२४ पर्यंत मुंबईने ४८ अंतिम सामने खेळले आणि ४२ जिंकले. एखादा संघ प्रतिस्पर्ध्यांपेक्षा इतका सरस असेल की दर अंतिम सामना जिंकण्याची त्याची शक्यता ८५ टक्के असावी, तर त्याला ४८ पैकी ४१ च्या आसपास विजेतेपदे निव्वळ सरसपणावर मिळायला हवीत. १९५८-५९ ते १९७२-७३ या काळातल्या सलग १५ विजेतेपदांचे आपण नेहमी गोडवे गातो. ती शक्यता ९० टक्के धरली, तर १५ अंतिम सामने ओळीने जिंकण्याची शक्यता साधारण पाचात एक एवढी भरते. ही गोष्ट दुर्मीळ आहे खरी, परंतु तिच्यासाठी कोणत्याही गूढ गुणाची गरज पडत नाही. शिवाय २००९-१० पर्यंतच्या ४३ अंतिम सामन्यांपैकी मुंबईने ३९ जिंकले होते आणि त्यानंतरच्या पाचांपैकी तीनच जिंकले. पाच सामन्यांवरून फार मोठा निष्कर्ष काढू नये, हे मला मान्य आहे, तरीही इतर राज्यांचे संघ तयार होत गेले तसा खडूसपणा नेमका त्याच वेळी ओसरावा, हा योगायोग संशयास्पद वाटतो.

आता दोन सामने शेजारी ठेवून पाहा. जानेवारी २०१० मध्ये म्हैसूरला कर्नाटकाला ३३८ धावा हव्या होत्या आणि ते ३३१ वर बाद झाले. मुंबई सहा धावांनी जिंकली आणि या विजयाचे वर्णन खडूसपणाचा उत्तम नमुना असे झाले. मे १९९१ मध्ये वानखेडेवर हरयाणाविरुद्ध मुंबईला ३५५ हव्या होत्या. नऊ गडी गेल्यावर वेंगसरकर आणि कुरुविला या जोडीने ४७ धावा जोडल्या, आणि कुरुविला धावबाद होऊन मुंबई दोन धावांनी हरली. वेंगसरकर १३९ वर नाबाद राहिले आणि मैदानावरच त्यांचे डोळे भरून आले. खडूसपणा यांपैकी कोणत्या सामन्यात जास्त होता? माझ्या मते १९९१ च्या. पण यादीत जातो तो २०१० चा, कारण तिथे निकाल आपल्या बाजूने लागला. निकालावरून ठरणारा गुण निकालाचे कारण कसा असेल?

बेसबॉलमध्ये हा वाद फार जुना आहे. मोक्याच्या क्षणी हमखास चेंडू तडकावणारे फलंदाज अशी एक जमातच असते, ही तिथली ठाम समजूत. १९७७ साली डिक क्रेमर यांनी एका हंगामात अशी कामगिरी करणारे खेळाडू पुढच्या हंगामातही तसेच खेळतात का, हे तपासले, आणि त्यांना तसे सातत्य आढळले नाही. हा गुण खेळाडूत वसत असता, तर पुढच्या वर्षी तो त्याला सोडून गेला नसता.

जुना सलामीवीर

दशमान यांनी ८५ टक्के हा आकडा आणला कुठून? ४२ ला ४८ ने भागूनच आणला ना? मग संघ सरस होता म्हणून ४२ वेळा जिंकला आणि ४२ वेळा जिंकला म्हणून सरस होता, असे हे वर्तुळ झाले. आमच्या शब्दावर जो आक्षेप आहे, तोच आपल्या टक्क्यांवरही घेता येईल.

मी १९७० च्या दशकाच्या अखेरीस आणि पुढे काही वर्षे क्लब क्रिकेट खेळलो. त्यापलीकडे माझी मजल गेली नाही. पण खडूसपणा ही आत्म्यासारखी अदृश्य गोष्ट आहे, असे मैदानावरच्या कोणत्याही जाणत्या माणसाने मला कधी सांगितले नाही. ती शिकवली जात असे, आणि तीही फार रुक्षपणे. शिवाजी पार्कवर आचरेकर सर मधल्या यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवत आणि बाद न होता सराव संपवणाऱ्याला ते मिळे, ही गोष्ट आता सर्वश्रुत आहे; तेंडुलकरांनी अशी १३ नाणी जपून ठेवल्याचे स्वतःच सांगितले आहे. नाण्याची किंमत एक रुपया असली, तरी दिवसभर खेळून थकलेल्या पोराला शेवटच्या पंधरा मिनिटांत, सगळे मैदान क्षेत्ररक्षणाला उभे असताना, बाद व्हायचे नाही, ही परिस्थिती मुद्दाम निर्माण केलेली असे. दडपणाची तालीमच ती.

माझ्यावर तसे नाणे कोणी लावले नाही. एका साखळी सामन्यात मी ४८ वर असताना, फिरकी गोलंदाज थकलेला दिसतो म्हणून पुढे सरसावून उंच फटका मारला आणि लाँग ऑनला झेल देऊन परतलो. आमचे प्रशिक्षक एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी फक्त साइटस्क्रीनच्या बाजूला खुर्ची ठेवायला सांगितली, आणि डाव संपेपर्यंत, म्हणजे सव्वादोन तास, मी पॅड न काढता तिथे बसून होतो. घामाने भिजलेले पॅडचे पट्टे पोटरीला चिकटलेले आणि समोर आठव्या क्रमांकाचा मुलगा माझ्या वाटच्या धावा एकेक करून गोळा करतो आहे, हे दृश्य मी आजही विसरलेलो नाही. त्या पद्धतीचे मी समर्थन करणार नाही. आजच्या मुलांशी कोणी असे वागू नये. परंतु त्यानंतर माझ्या धावा चाळिशीत पोहोचल्यावर मी उंच फटका मारला नाही, हेही खरे आहे.

यात नियमांचाही मोठा वाटा आहे आणि त्याकडे कोणी पाहत नाही. रणजीच्या बाद फेरीतला सामना अनिर्णित राहिला, तर पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ पुढे जातो, आणि अंतिम सामन्यालाही हाच नियम लागू आहे. म्हणजे जो संघ पहिल्या डावात खेळपट्टीला चिकटून बसेल, त्याला अर्धा सामना तिथेच जिंकता येतो. शतक झाल्यावर पुन्हा नव्याने गार्ड घ्यायचा, सेट झाल्यावर विकेट फेकायची नाही, सातव्या-आठव्या क्रमांकाच्या गोलंदाजालाही नेटमध्ये रोज फलंदाजी द्यायची, या मुंबईच्या सवयी या नियमात चपखल बसणाऱ्या होत्या. त्यात कांगा लीगच्या ओल्या, अनपेक्षित उसळी देणाऱ्या खेळपट्ट्यांवर २० धावा जमवलेल्या मुलाला कोरड्या वानखेडेवर चेंडू सोडण्याचा कंटाळा येत नसे. ७ बाद १०६ वर शार्दुल आणि कोटियन यांनी जे केले, त्याची मुळे या सवयींत आहेत. त्या सवयींना तुम्ही गुण म्हणा, कसब म्हणा, पण ‘मागाहून चिकटवलेले नाव’ म्हणू नका.

नागपूरकर

वरचे सगळे वाचून एक जुनी तक्रार उफाळून आली, ती आधी नोंदवतो. मुंबई जिंकली की खडूसपणा, आणि विदर्भ जिंकला की ‘शिस्त’ किंवा ‘मेहनत’. आमच्या वाट्याला कायम शाळेच्या प्रगतिपुस्तकातले शब्द का येतात?

२०१७-१८ च्या उपांत्य सामन्यात ईडन गार्डन्सवर कर्नाटकाला १९८ धावा हव्या होत्या. रजनीश गुरबाणीने दुसऱ्या डावात सात गडी घेतले आणि कर्नाटकाला १९२ वर रोखून आम्ही पाच धावांनी जिंकलो. नंतर अंतिम सामन्यात त्याने दिल्लीविरुद्ध हॅट्‌ट्रिक केली आणि विदर्भाला पहिले विजेतेपद मिळाले. पुढच्या वर्षी नागपुरातच सौराष्ट्राला हरवून ते राखले, तेव्हा आदित्य सरवटेने सामन्यात ११ गडी घेतले आणि चेतेश्वर पुजाराला पहिल्या डावात एका धावेवर व दुसऱ्या डावात शून्यावर बाद केले. हा जर खडूसपणा नसेल, तर त्या शब्दाची व्याख्या एकदा सांगून टाकावी.

आता मुंबईकर म्हणतील की तेव्हा विदर्भाचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित होते आणि फलंदाजीत वसीम जाफर, म्हणजे माल मुंबईचाच. हे मी अर्धे मान्य करतो. जाफरने २०१८-१९ मध्ये हजारावर धावा केल्या आणि तरुण मुलांना डाव कसा बांधायचा ते समोर उभे राहून दाखवले. पंडित पुढे मध्य प्रदेशात गेले आणि २०२२ मध्ये बंगळुरूला त्यांच्या संघाने खुद्द मुंबईला सहा गडी राखून हरवले. म्हणजे हा गुण रेल्वेने प्रवास करतो आणि एका माणसाच्या पिशवीतून दुसऱ्या गावी उतरतो. मग तो ‘रक्तात’ असण्याचा दावा तरी सोडून द्यावा लागेल.

पण इथेही थांबता येत नाही. याच बंगळुरूच्या मैदानावर १९९९ मध्ये पंडित मध्य प्रदेशाचे कर्णधार होते, पहिल्या डावाची आघाडीही त्यांच्याकडे होती, आणि कर्नाटकाने त्यांना शेवटच्या दिवशी गुंडाळले. तेव्हा ते मुंबईचे नव्हते का? आणि २०२४-२५ मध्ये पंडित नसताना, जाफर नसताना, अक्षय वाडकरच्या विदर्भाने आधी मुंबईला हरवले, मग केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या ३७ धावांच्या आघाडीवर करंडक उचलला. त्या हंगामात हर्ष दुबेने ६९ बळी घेतले. एका रणजी हंगामात इतके बळी कोणी घेतलेले नाहीत. हा आकडा समोर असताना ‘मनोबल’ शोधायला दूर जायची गरज मला वाटत नाही. चांगला डावखुरा फिरकी गोलंदाज हातात असला, की कर्णधाराचा चेहरा आपोआप शांत दिसतो.

मडगावकर

फक्त एका माणसाची आठवण करून देतो. दिलीप सरदेसाई आमच्या मडगावचे. किशोरवयात मुंबईला गेले. मुंबईकडून ते १३ हंगाम रणजी खेळले आणि त्या काळात मुंबईने त्यांच्यासह एकही रणजी सामना गमावला नाही. १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यावर ते निवडले जातील की नाही याचीच शंका होती. किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीत भारत ५ बाद ७५ होता. सरदेसाईंनी एकनाथ सोलकर यांना साथीला घेऊन १३७ धावांची भागीदारी केली, स्वतः २१२ काढल्या आणि मालिकेत ६४२ धावा केल्या. ज्या गोव्यात ते वाढले, तिथे तेव्हा पोर्तुगीज राजवट होती आणि मुंबईसारखी मैदाने, शालेय ढाली वा क्लबांच्या स्पर्धा नव्हत्या. म्हणजे मुंबईची तालीम त्यांना उशिराच मिळाली. मग त्या पाच बाद पंचाहत्तरवर त्यांच्या कामी आले ते नेमके काय, हे जुना सलामीवीर सांगतील का?

दशमान

सलामीवीरांनी माझ्या टक्क्यांवर घेतलेला आक्षेप बरोबर आहे, मी ते वर्तुळ मान्य करतो. मला एवढेच म्हणायचे होते की तो निकाल समजावून घ्यायला सरसपणा पुरेसा आहे. सरसपणा हेच कारण होते, हे त्यातून सिद्ध होत नाही.

परंतु दडपणाखाली खेळाडू ‘उंचावतो’ या समजुतीबद्दल एक उदाहरण देतो, रणजीच्या बाहेरचे असले तरी. २९ जून २०२४, ब्रिजटाऊन, टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना. अक्षर पटेलच्या एका षटकात २४ धावा गेल्या आणि दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० धावा हव्या होत्या. पुढच्या पाचांतली दोन षटके बुमराने टाकली आणि त्यांत मिळून सहा धावा दिल्या. भारत सात धावांनी जिंकला. त्या दोन षटकांबद्दल ‘पोलादी मन’, ‘बर्फासारखा थंड’ असे पुष्कळ लिहिले गेले. आता बुमराचे त्या सामन्यातले आकडे पाहा: चार षटके, १८ धावा, दोन बळी, म्हणजे षटकामागे साडेचार. संपूर्ण स्पर्धेत त्याची सरासरी होती षटकामागे ४.१७. म्हणजे अंतिम सामन्यात त्याने स्वतःच्या नेहमीच्या कामगिरीपेक्षा किंचित जास्तच धावा दिल्या! तो उंचावला नाही. तो जिथे रोज होता तिथेच राहिला, आणि ते ‘तिथे’ मुळातच इतरांच्या डोक्यावरून होते. रोहितने त्याची दोन षटके शेवटासाठी राखली, हा निर्णय होता आणि तो मोजता येतो.

उलट बाजूही पाहावी. १९९९ च्या विश्वचषकात एजबॅस्टनवर ऑस्ट्रेलियाविरुद्धचा उपांत्य सामना बरोबरीत सुटून ते बाहेर पडले तेव्हापासून दक्षिण आफ्रिकेवर ‘कच खाणारे’ असा शिक्का बसला आणि ब्रिजटाऊननंतर तो अधिकच गडद झाला. जून २०२५ मध्ये लॉर्ड्सवर कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात त्यांना चौथ्या डावात ऑस्ट्रेलियाविरुद्ध २८२ हव्या होत्या. मार्करमने १३६ केल्या, मांडीचा स्नायू दुखावलेला असताना बव्हुमा लंगडत खेळला आणि पाच गडी राखून ते जिंकले. २६ वर्षे जो दोष त्यांच्या स्वभावात असल्याचे सांगितले गेले, तो एका आठवड्यात धुऊन निघाला, असे मानायचे का?

जुना सलामीवीर

मडगावकर, सरदेसाईंबद्दल मी ठामपणे काही सांगू शकत नाही. काही माणसे तालमीच्या आधीच तशी असतात, एवढे मी मान्य करतो, आणि ती मुंबईला आली की मुंबई त्यांचे श्रेय घेते, हेही मान्य करतो.

दशमान, आपण बुमराबद्दल जे लिहिले ते वाचून मला हसू आले, कारण आपण आमच्या शब्दाची नेमकी व्याख्या लिहून त्यालाच पुरावा म्हणून आमच्याविरुद्ध उभे केले आहे. खडूस माणूस मोठ्या सामन्यात मोठा होतो, असे आम्ही कधीच म्हटले नव्हते. बाकीचे खाली येतात आणि तो येत नाही, एवढेच. बुमराचे कौतुक ४.५ चे नाही. ३० चेंडूंत ३० हव्या असताना, हाताला घाम सुटलेला असताना, ते ४.५ च राहिले आणि ९ झाले नाहीत, याचे आहे. हे ‘न घसरणे’ आपल्याला मोजता येत असेल, तर आनंदच आहे. मोजा.

पेन्सिलधारी (प्रश्नकर्ता)

सर्वांचे आभार. ‘मोजा’ हा शब्द वाचून मी माळ्यावरच्या वह्या खाली काढल्या.

आमच्या क्लबात एक फलंदाज होता. त्याचे नाव घेत नाही. २०११ च्या पावसाळ्यातल्या एका सामन्यात ८ बाद ६३ वरून त्याने नाबाद ३१ धावा करून सामना काढून दिला होता, आणि खडूस म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर आजवर तोच उभा राहत असे. वहीत झेल सुटल्याची नोंद करायला जागा नसते, म्हणून मी समासात बारीक ‘सु’ लिहितो. त्या पानावर त्याच्या नावासमोर दोन ‘सु’ आहेत: एक सात धावांवर आणि एक एकोणीसवर. माझ्याच अक्षरात. मला त्यांतला एकही झेल आठवत नव्हता. त्याच हंगामात तो आणखी दोनदा अशाच अडचणीत खेळायला आला होता आणि दोन्ही वेळा स्वस्तात बाद झाला. तेही मी पार विसरलो होतो. उलट आमचा एक यष्टिरक्षक, ज्याला तंबूत कोणी कधी खडूस म्हटले नाही, तो सहा गडी गेल्यावर येऊन १५-२० धावा करून जात असल्याचे पानामागून पान दिसते. कधी संघ जिंकला, कधी हरला. त्याचे कोणाला काही वाटले नाही, बहुधा त्यालाही नसावे.

यावरून सलामीवीर बरोबर की दशमान, हे मला ठरवता आलेले नाही. म्हणून येत्या कांगा लीगसाठी एक सोपी रीत ठरवली आहे. प्रत्येक सामन्याच्या नाणेफेकीआधी, आज अडचण आली तर कोण टिकेल, त्या एका खेळाडूचे नाव मी मागच्या पानावर लिहून ठेवणार, आणि सामना संपल्यावर ते खोडायचे नाही. पेन्सिलीने लिहिले की खोडण्याचा मोह होतो, म्हणून तेवढे एक पान बॉलपेनने लिहून वर प्लास्टिकचे वेष्टण घालणार आहे. पहिल्या सामन्याचे नाव मी लिहिलेही आहे. ते त्या यष्टिरक्षकाचे नाही, आणि ते लिहून झाल्यावर आपण असे का केले, याचा मी बराच वेळ विचार करत बसलो.